प्राचीन डीएनएचा फुकट साठा ‘एएडीआर’: माल खणखणीत, लेबलं मात्र जपून वाचा

हाडांतल्या डीएनएवरून कोण कुठून कुठे गेलं हे स्वतः तपासायचं असेल, तर त्यासाठी आता स्वतःची प्रयोगशाळा लागत नाही. हार्वर्डमधल्या डेव्हिड राइश यांच्या गटाने ‘ॲलन एन्शंट डीएनए रिसोर्स’ हा साठा ‘हार्वर्ड डेटाव्हर्स’ या ऑनलाइन भांडारात ठेवला आहे. सगळे त्याला एएडीआरच म्हणतात. जाहीर भागाला पैसे पडत नाहीत. जगभरच्या शोधनिबंधांतली प्राचीन माणसं एका साच्यात बसवून एका ठिकाणी आणलेली आहेत. नोव्हेंबर २०२२च्या ५४.१ या आवृत्तीतच प्राचीन व्यक्तींची संख्या दहा हजारांवर गेली होती, २०२४मध्ये ६२.० आली. साठ्याची ओळख करून देणारा स्वपन मलिक आणि सहकाऱ्यांचा निबंध २०२४मध्येच ‘सायंटिफिक डेटा’त छापून आला.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्रागैतिहासिक स्थलांतरांसाठी याला तोड नाही. मध्ययुगासाठी हा साठा एकटा पुरत नाही. आणि दोन्हीकडे सगळ्यात जास्त फसवतं ते गटाचं नाव.

संच दोन आहेत. ‘१२४०के’मध्ये १२,३३,०१३ जागांवरची (जीनोममधली, माणसागणिक अक्षर बदलू शकणारी ठरावीक ठिकाणं) जनुकीय नोंद आहे, ‘ह्यूमन ओरिजिन्स’मध्ये ५,९७,५७३ जागांवरची. दुसऱ्यात जागा निम्म्या, पण आजच्या लोकसमूहांचे नमुने कितीतरी जास्त. उपखंडातलेच बघायचे तर माला, विश्वब्राह्मण, लोधी, खरिया, गुजराती, कोचीनचे ज्यू, सिंधी, बलुची, ब्राहुई, कलाश आणि अंदमानचे ओंगे त्यात आहेत. म्हणून आजच्या माणसांच्या पार्श्वभूमीवर प्राचीन माणूस कुठे पडतो ते चित्र काढायला ह्यूमन ओरिजिन्स, आणि मिश्रणाचं प्रमाण, म्हणजे कोणत्या पूर्वज समूहाचा किती वाटा ते, काढायला १२४०के, अशी वाटणी ठेवावी. डिस्कवर जागा किती लागेल ते तोंडी काढता येतं: एका माणसाची एक जागा दोन बिट घेते, म्हणजे १२४०केमध्ये एक माणूस साधारण ३०० किलोबाइटचा. दहा हजार माणसं म्हणजे तीन जीबी.

प्रत्येक संचात फाइली चार. ‘जीनो’मध्ये जनुकप्रकार, ‘स्निप’मध्ये जागांची यादी (पत्ते एचजी१९ या संदर्भ-जीनोमनुसार), ‘इंड’मध्ये माणसांची यादी आणि ‘ॲनो’मध्ये प्रत्येक माणसाची कुंडली. घाईत लोक पहिल्या तीन उचलतात आणि चौथी उघडतच नाहीत. खरं काम चौथीत आहे.

ॲनो फाइलीत माणसाचं वय ‘बीपी’मध्ये असतं, म्हणजे १९५० सालापासून मागे मोजलेलं. ११५० बीपी म्हणजे इसवी सन ८००. हे विसरून २०२४मधून वजा करणारे बरेच दिसतात. वय थेट हाडाच्या रेडिओकार्बनवरून आलंय की आजूबाजूच्या थरावरून अंदाजलंय, हेही तिथे नोंदलेलं असतं, आणि स्थलांतराचा काळ ठरवताना हा फरक कळीचा ठरतो. थरावरून ठरवलेलं वय शेकडो वर्षांनी सरकू शकतं. मासे खाणाऱ्या लोकांच्या हाडांत पाण्यातला जुना कार्बन शिरतो आणि रेडिओकार्बन वय खऱ्यापेक्षा जुनं दिसतं, ते वेगळंच. मग येतो ‘किती जागा सापडल्या’ हा रकाना. चित्रावर ठिपका टाकायला पंधरा-वीस हजार जागा चालतात. मिश्रणाचं मॉडेल बसवायचं तर लाखाच्या वरचे नमुने निवडावेत. भेसळीचे अंदाजही याच फाइलीत मिळतात. पुरुषाला एकच एक्स गुणसूत्र असल्यामुळे त्यावर दोन वेगळ्या नोंदी दिसल्या की बाहेरचा डीएनए शिरल्याचं पकडता येतं. स्त्रीच्या नमुन्यात ही सोय नाही, तिथे मुख्य भिस्त आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरच. शेवटी एकूण शेरा: पास, शंकास्पद की गंभीर. गंभीर शेऱ्याचे नमुने सरळ वगळावेत.

ॲनो फाइल एक्सेलमध्ये उघडू नका. रकाने टॅबने तोडलेले आहेत, शीर्षकं ओळभर लांब आहेत, आणि मजकुरात एखादं सुटं अवतरणचिन्ह आलं की दोन-चार ओळी एकमेकींत मिसळून जातात. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत वाचताना अवतरणचिन्हाचा अर्थ लावणं बंद करावं आणि ओळींची संख्या इंड फाइलीशी ताडून बघावी. जुळली नाही तर पुढे जाण्यात काही अर्थ नाही.

आपले गट बनवायचे ते इंड फाइलीच्या तिसऱ्या रकान्यात. ओळींचा क्रम हलवायचा नाही, एकही ओळ गाळायची नाही. नको असलेल्या माणसाला तिसऱ्या रकान्यात ‘वगळा’ असं काहीतरी नाव द्यायचं. क्रम हलला तर काही प्रोग्राम तक्रारही करत नाहीत, फक्त एकाचा डीएनए दुसऱ्याच्या नावावर चढतो. पहिला रकाना, म्हणजे व्यक्तीचा क्रमांक, बदलला तर मात्र बायनरी जीनो फाइलीतली पडताळणीची बेरीज जुळत नाही आणि ‘कन्व्हर्टएफ’ (फाइलींचं रूप बदलणारं साधन) किंवा ‘स्मार्टपीसीए’ (जनुकीय साम्य-फरकाचं चित्र काढणारं) तिथेच थांबतं. ती तपासणी बंद करायचा पर्याय आहे, पण तो वापरायची वेळ आली तर आधी आपण काय हलवलं ते शोधावं.

आता लेबलांचं. एएडीआरमध्ये गटाचं नाव साधारण ‘आजचा देश, स्थळ, कालखंड’ असं बनतं. नोंदवहीसाठी पद्धत उत्तम, पण अर्थ लावताना घात होतो. लेबल हाड कुठे सापडलं ते सांगतं, माणूस कुठला ते सांगत नाही. आणि स्थलांतराच्या अभ्यासात नेमका हाच फरक शोधायचा असतो. शहर-इ-सोख्ता इराणच्या सिस्तानात आहे, म्हणून तिथल्या कांस्ययुगीन माणसांच्या लेबलात ‘इराण’ येतं. पण तिथली आठ आणि तुर्कमेनिस्तानातल्या गोनूरची तीन, अशी अकरा माणसं शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट वेगळी निघाली. त्यांच्यात दक्षिण आशियाई शिकारी-संकलकांशी नातं सांगणारा वारसा होता, आणि तिथल्या इतर माणसांत असलेला अनातोलियन शेतकऱ्यांचा वारसा जवळजवळ नव्हता. नरसिंहन आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या ‘सायन्स’मधल्या निबंधाने (५२३ प्राचीन व्यक्ती) त्यांना ‘सिंधू परिघ’ म्हटलं. त्याच वर्षी राखीगढीच्या स्त्रीचा डीएनए आला आणि तो याच अकरांशी जुळला. सिंधू संस्कृतीच्या लोकांचा जनुकीय ठसा आधी हाती लागला तो ‘इराण’ आणि ‘तुर्कमेनिस्तान’ अशी लेबलं लावलेल्या परदेशी थडग्यांत.

ही माणसं सापडली ती आऊटलायर, म्हणजे आपल्या ठिकाणच्या गटात न बसणारी, म्हणून. एएडीआरमध्ये अशांच्या नावापुढे ‘_ओ’ अशी खूण असते. कमी कव्हरेजला (जागांवर कमी वाचनं मिळालेल्यांना), भेसळीला, नातेवाइकांना वेगवेगळ्या खुणा. बहुतेक मार्गदर्शिका सांगतात की विश्लेषणाआधी ‘_ओ’वाले काढून टाका. गटाची सरासरी हवी असेल तर सल्ला बरोबर आहे. स्थलांतर शोधायचं असेल तर मात्र सगळ्यात आधी ‘_ओ’वाल्यांकडेच बघावं. परक्या गावात पहिल्या पिढीत आलेला माणूस थडग्यात आऊटलायर म्हणूनच दिसणार.

साठा आणि साधनं नीट बसवली आहेत का हे पडताळायला रूपकुंड हा सगळ्यात चांगला नमुना. उत्तराखंडात पाच हजार मीटरवरचं हे तळं. हार्नी आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये तिथल्या ३८ व्यक्तींचा जीनोमभर डीएनए दिला. गट ‘ए’ २३ जणांचा, साधारण सातवं ते दहावं शतक; गट ‘बी’ १४ जणांचा, इसवी सन १८००च्या आसपास; गट ‘सी’ एकटा माणूस. तिघांच्याही लेबलात ‘इंडिया’.

करायचं असं. स्मार्टपीसीएला आजच्या पश्चिम युरेशियातल्या आणि दक्षिण आशियातल्या समूहांची यादी देऊन अक्ष त्यांच्यावरच ठरवा आणि प्राचीन माणसं त्या अक्षांवर नंतर टाका. त्यासाठी ‘एलएसक्यूप्रोजेक्ट’ चालू ठेवावं लागतं. ते बंद राहिलं तर न सापडलेल्या जागा शून्याकडे ओढतात आणि कमी कव्हरेजचा प्रत्येक माणूस चित्राच्या मध्याकडे सरकतो. मध्याजवळ जो समूह असेल त्याच्याशी मग खोटं नातं जुळतं. ‘श्रिंकमोड’ही चालू करा, कारण नंतर टाकलेली माणसं अक्ष ठरवणाऱ्यांपेक्षा थोडी आत ओढलेली दिसतात. आऊटलायर आपोआप काढणं शून्य फेऱ्यांवर ठेवा, नाहीतर ओंगे किंवा कलाशांसारखे वेगळे पडणारे समूह प्रोग्राम परस्पर उडवतो.

सगळं बरोबर असेल तर गट ‘ए’ एका ढिगात पडत नाही. भारतीय समूहांची जी तिरपी रांग दिसते तिच्यावर तो पसरतो, म्हणजे एका कुटुंबाचे किंवा एका जातीचे लोक नव्हेत. गट ‘बी’ पूर्व भूमध्य प्रदेशात, मुख्य भूमीवरच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांजवळ, घट्ट बसतो. ‘सी’ आग्नेय आशियाकडे जातो, त्यामुळे वरच्या चित्रात तो कुठेतरी अधांतरी दिसेल. त्यासाठी पूर्व आशियाई समूह घेऊन वेगळं चित्र काढावं. ‘बी’ जर ग्रीसपासून सुटून मध्याकडे आला असेल तर दोष रूपकुंडात नाही, तुमच्या पॅरामीटर फाइलीत आहे.

चित्राने दिशा कळते, प्रमाण कळत नाही. त्यासाठी एफ-स्टॅटिस्टिक्स (गटांमधल्या जनुकीय फरकांवरून नाती मोजणारे आकडे: दोन गटांवर एफ२, तिघांवर एफ३, चौघांवर एफ४), आणि ते काढायला आज सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे रॉबर्ट मायर यांचं ‘ॲडमिक्सटूल्स २’. ‘आर’चं पॅकेज आहे, गिटहबवरून बसवावं लागतं, विंडोजवर आधी आरटूल्स घाला, नाहीतर कंपाइल होताना अडकतं. मूळ ‘ॲडमिक्सटूल्स’ आणि स्मार्टपीसीएसाठी विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घेतलेलं बरं.

वेग हा याचा मोठा गुण. गटांच्या प्रत्येक जोडीची एफ२ किंमत जीनोमच्या तुकड्यांवर एकदाच काढून ठेवायची (तुकडा सहसा ०.०५ मॉर्गनचा; मॉर्गन हे जनुकीय अंतराचं एकक), पुढची सगळी गणितं त्यावरून झटपट होतात. दोन खड्डे इथेच आहेत. एक, गटांची यादी द्यायला विसरलात तर तो साठ्यातल्या सगळ्या गटांच्या सगळ्या जोड्या काढायला बसतो. हजार गटांच्या जोड्या पाच लाखांच्या घरात जातात आणि मेमरी संपते. दुसरा खड्डा जास्त वाईट, कारण त्यात काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. ‘मॅक्समिस’ची मूळ किंमत शून्य आहे: यादीतल्या एका जरी गटात जी जागा सापडलेली नसेल ती सगळ्यांसाठी बाद. राखीगढीच्या आय६११३ या स्त्रीच्या सुमारे ३१ हजारच जागा मिळालेल्या आहेत. ती यादीत आली की बारा लाखांच्या संचातून सगळ्यांसाठीच जेमतेम तेवढ्या उरतात, आणि तिच्यासारखा अजून एक क्षीण नमुना घातला तर काही हजार. मॅक्समिस एक केलं तर वेगवेगळ्या जोड्या वेगवेगळ्या जागांवरून मोजल्या जातात आणि पूर्वग्रह शिरतो. यावर उपाय म्हणजे क्षीण नमुन्यांसाठी आधी काढलेला एफ२ वापरायचाच नाही. मिश्रणाचं प्रमाण काढणाऱ्या ‘क्यूपीॲडम’ला थेट जीनो फाइलीचा पत्ता द्यायचा आणि ‘ऑलस्निप्स’ चालू करायचं. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक एफ४ला त्याच्या वाट्याच्या सगळ्या जागा मिळतात.

आणखी एक गोष्ट. प्राचीन नमुन्यांत बहुतेकदा प्रत्येक जागी एकच वाचन यादृच्छिक निवडलेलं असतं, म्हणजे माणूस स्यूडोहॅप्लॉइड असतो. नोंद ० किंवा २ दिसते, १ कधीच नाही. ॲडमिक्सटूल्स २ हे स्वतः ओळखून दुरुस्ती करतं. पण गटात असा एकच माणूस असेल तर गटातली विविधता मोजायला काही उरतच नाही. म्हणून एकट्या माणसाला लक्ष्य धरून ‘हा मिश्र आहे का’ असं एफ३ला विचारण्यात अर्थ नाही; तिथे एफ४ घ्यावा. एफ४(म्बुटी, क्ष, अ, ब) (म्बुटी हा बाकी सगळ्यांपासून दूरचा आफ्रिकी समूह) धन आला आणि झेड, म्हणजे किंमत चूक-मर्यादेच्या किती पट ते, तीनच्या वर गेला तर ‘क्ष’चं नातं ‘अ’पेक्षा ‘ब’शी जास्त आहे. दोनच्या आसपासच्या झेडवरून सिद्धान्त मांडू नयेत.

क्यूपीॲडममध्ये डावीकडे लक्ष्य आणि संभाव्य स्रोत, उजवीकडे संदर्भ समूह. उजवीकडची संख्या डावीकडच्या (लक्ष्य धरून) संख्येपेक्षा कमी असेल तर गणित उभंच राहत नाही. पण संख्येपेक्षा निवड महत्त्वाची: उजवीकडचे समूह स्रोतांपैकी एकाशी दुसऱ्यापेक्षा जास्त जवळचे असले पाहिजेत, आणि स्रोत वेगळे झाल्यानंतर लक्ष्याकडून त्यांच्याकडे काही गेलेलं नसावं. स्वात खोऱ्यातल्या लोहयुगीन माणसांचं मॉडेल करायचं तर डावीकडे सिंधू परिघ, मध्य स्टेपचे (युरेशियाच्या गवताळ पट्ट्यातले) कांस्ययुगीन पशुपालक आणि ओंगे, आणि उजवीकडे इथिओपियातल्या मोटा गुहेचा ४५०० वर्षांपूर्वीचा माणूस, इराणमधल्या गंज दारेहचे शेतकरी, अनातोलियाचे शेतकरी, पूर्व युरोपचे आणि पश्चिम सायबेरियाचे शिकारी, आणि चीनमधले दाई, अशी मांडणी सुरुवातीला ठीक. मग स्टेपच्या जागी दुसरा स्रोत घालून, काढलेला उजवीकडे टाकून पुन्हा चालवावं. मॉडेल खरंच टिकतं की नाही ते अशा फिरत्या चाचणीत कळतं.

निकाल वाचताना पी-मूल्य ०.०५च्या वर आलं म्हणजे मॉडेल सिद्ध झालं असं होत नाही. हाती असलेल्या माहितीवर ते नाकारता आलं नाही, इतकंच. क्षीण नमुना कोणत्याही मॉडेलला पास करतो, कारण नाकारायला लागणारी ताकदच त्याच्यात नसते; दोन-तीन लाख जागांवर उत्तम पास झालेलं मॉडेल आठ लाख जागांवर धाडकन पडतं. प्रमाणाशेजारची चूक-मर्यादाही बघा: ‘१२ टक्के, चूक ७ टक्के’ याचा अर्थ तो स्रोत कदाचित नाहीच. आणि ‘ओंगे २५ टक्के’ आलं म्हणून अंदमानातून कोणी चालत आलं असं समजू नये. दक्षिण आशियातल्या मूळ शिकारी-संकलकांचा एकही प्राचीन जीनोम नसल्यामुळे, हजारो वर्षांपूर्वी त्यांच्यापासून वेगळे झालेले ओंगे बदली म्हणून बसवलेले आहेत.

मिश्रणाच्या वेळेसाठी ‘डेट्स’ हे वेगळं साधन आहे. चिंतालपती, पॅटरसन आणि मूर्जानी यांनी २०२२मध्ये ते प्राचीन नमुन्यांवर तपशिलात वापरून दाखवलं. एकट्या प्राचीन माणसावरही चालतं हा त्याचा फायदा. उत्तर पिढ्यांत येतं; साधारण २८ वर्षांची पिढी धरून ते त्या माणसाच्या स्वतःच्या काळात मिळवायचं, आजच्या नव्हे.

तंत्रावरून येणारी खोट लेबलाच्या शेपटीत लपलेली असते. ‘.एसजी’ म्हणजे सरसकट सिक्वेन्सिंग, ‘.डीजी’ म्हणजे दोन्ही प्रती मोजलेला डिप्लॉइड नमुना. कॅप्चरने, म्हणजे ठरलेल्या जागांचाच डीएनए आमिष लावून ओढून, मिळवलेले नमुने वेगळे. कॅप्चरचे आमिष-रेणू काही जागी एका रूपाला जास्त ओढतात, त्यामुळे कॅप्चरचा नमुना कॅप्चरच्या आणि ‘.एसजी’चा ‘.एसजी’च्या जवळचा असल्याचा खोटा संकेत मिळतो. स्रोत एका तंत्राचा आणि लक्ष्य दुसऱ्या तंत्राचं असेल, तर त्याच समूहाचे दोन्ही तंत्रांचे नमुने घेऊन एफ४ शून्य येतो का ते आधी बघा. यूडीजी प्रक्रिया (जुन्या डीएनएचं नुकसान काढून टाकणारी) न केलेल्या नमुन्यांत ‘सी’ अक्षराचं ‘टी’ झालेलं नुकसान उरतं. तिथे फक्त ट्रान्सव्हर्जन जागा (जिथे असा सी-टी किंवा जी-ए बदल नसतो त्या) घ्याव्यात, जागा एकदम कमी होतील हे मान्य करून. आफ्रिकेचा इतिहास बघणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं: जागांची निवडच कशी एकांगी पडते आणि एफ-स्टॅटिस्टिक्स कसे वाकतात हे फ्लेगोंतोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये दाखवलं आहे.

मध्ययुगाकडे आलं की साठ्याची धार बोथट होते. स्टेपचा पशुपालक आणि सिंधूकाठचा शेतकरी यांच्यातलं अंतर मोठं, ते लाखभर जागांवरूनही दिसतं. सहाव्या शतकातला डेन्मार्कचा माणूस आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा माणूस यांच्यात फरक इतका थोडा की साधा एफ४ चाचपडतो. ग्रेट्झिंगर आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या कामात पूर्व इंग्लंडच्या सुरुवातीच्या मध्ययुगीन माणसांत उत्तर समुद्रापलीकडचा वारसा ७६ टक्क्यांपर्यंत निघाला, पण त्यासाठी ४६० मध्ययुगीन माणसं लागली, त्यांतली २७८ इंग्लंडची. २०२५मध्ये स्पायडल, स्कोग्लंड आणि सहकाऱ्यांनी आणलेलं ‘ट्विगस्टॅट्स’ वंशवृक्षांचा काळ वापरून हीच धार वाढवतं; त्याला चांगल्या प्रतीचे, इम्प्युट केलेले (न सापडलेल्या जागा अंदाजाने भरलेले) पूर्ण जीनोम लागतात, आणि ते एएडीआरच्या पाकिटात नाहीत.

दुसरं म्हणजे, मध्ययुगात स्थलांतराची गोष्ट बऱ्याचदा नातेवाइकांत असते. हंगेरीतल्या आवार (स्टेपकडून आलेले लोक) काळातल्या चार दफनभूमींतली ४२४ माणसं नेक्की-रुस्कोने आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. त्यांतल्या जवळजवळ ३००ना त्याच दफनभूमीत जवळचा नातेवाईक होता. नऊ पिढ्यांपर्यंतची वंशावळ उभी राहिली आणि पुरुष तिथेच राहत, लग्न होऊन बायका बाहेरून येत, हे दिसलं. एएडीआरवर नेहमीच्या शिस्तीने पहिल्या पायरीचे नातेवाईक (आईबाप, मुलं, भावंडं) वगळलेत तर ही सगळी गोष्टच तुम्ही पहिल्या दिवशी कचऱ्यात टाकली. दूरची नाती बघायला ‘अँकआयबीडी’ लागतं. १२४०केवर सरासरी एकपट कव्हरेज आणि ‘ग्लिम्प्स’ने इम्प्युट केलेली माहिती त्याला हवी. म्हणजे युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हमधून मूळ बॅम फाइली (कच्च्या वाचनांच्या) उतरवा आणि तिथून सुरुवात करा. त्या मानाने ‘हॅपआरओएच’ सोयीचं: चार लाखांवर जागा असलेल्या स्यूडोहॅप्लॉइड नमुन्यावरही चालतं आणि आईबाप एकमेकांचे नात्यातले होते का, समूह किती लहान होता हे सांगतं.

आपल्याकडच्यांसाठी उणीव उघड आहे. आजच्या भारताच्या हद्दीतली प्राचीन डीएनएची ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. कारण हवामान: ऊन आणि ओल यांत रेणूचे तुकडे पडतात. राखीगढीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या गटाने ६१ नमुने तपासायला दिले, आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड वापरलं, आणि विश्लेषणाला पुरेल असा डीएनए एकाच व्यक्तीतून निघाला. तोही थरावरून अंदाजलेल्या वयाचा. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, पण सध्या शीत एकच आहे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांतली दफनं इतकी नीट नोंदलेली असूनही एएडीआरमध्ये त्यांचं काही नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींच्या मिश्रणाचा काळ (१९ ते ३३ पिढ्या) २०१६च्या अभ्यासात काढला गेला, तो आजच्या माणसांच्या डीएनएवरून. गुजरातच्या संजाणमधल्या जुन्या दोखम्यातल्या (पारशांच्या अंत्यविधीच्या जागेतल्या) पारशी हाडांवर २०१७मध्ये काम झालं, पण मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर. ती आईकडून येणारी एकच साखळी असल्यामुळे वरची कुठलीही एफ-स्टॅटिस्टिक्स त्यावर चालवता येत नाहीत.

पर्याय म्हणून ‘पोसायडन’ हा दुसरा साठा बघावा. प्रत्येक शोधनिबंधाचं वेगळं पॅकेज, लेखकांनी दिलेली मूळ नावं, संदर्भासकट. ‘ट्रायडंट’ या साधनाने हवी तेवढीच पॅकेजं उतरवून एकत्र जोडता येतात. कमी डिस्क आणि मंद इंटरनेट असलेल्याला हे एएडीआरपेक्षा सोयीचं. सगळे नमुने एका हाताने एकसारखे तपासलेले असण्याचा फायदा मात्र एएडीआरलाच. ‘जी२५’ सारख्या तयार निर्देशांकांवर (चित्रातल्या स्थानाचे आकडे) अंतर मोजून टक्केवारी देणारी साधनं चटकन उत्तर देतात, पण मॉडेल नाकारायची सोय त्यांत नाही. काहीही घाला, बेरीज शंभर येते. जातींची ‘टक्केवारी’ दाखवणारी जी चित्रं फिरतात ती बहुतेक इथूनच निघतात.

घरगुती चाचणीची आपली कच्ची फाइल एएडीआरमध्ये जोडायची असेल तर आधी ती एचजी१९च्या पत्त्यांवर आहे ना ते बघा, मग ए/टी आणि सी/जी जोडीच्या जागा काढून टाका, कारण त्यांत कुठला धागा वाचलाय ते कळत नाही आणि चुकीच्या धाग्याने तुम्ही सगळ्या जगापासून वेगळे दिसता. उरलेल्या सामाईक जागा मोजा. आणि सगळ्यात आधी आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा. जुन्या आवृत्तीतला ‘अनातोलिया_एन’ पुढे ‘टर्की_एन’ झाला. गटाच्या नावावर लिहिलेली स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत एकतर अडते, नाहीतर वेगळीच माणसं उचलते. यादी व्यक्तींच्या क्रमांकांची ठेवा, गटांच्या नावांची नको.